हडसन, स्टुडबेकर, नॅश, पॅकार्ड : ‘इंडिपेंडंट’ गाडी घेण्याआधी कशी तपासायची

जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन बड्या घराण्यांबाहेर ज्या अमेरिकी कंपन्या मोटारी करत, त्यांना तिकडे ‘इंडिपेंडंट’ म्हणत. साउथ बेंडची स्टुडबेकर, डेट्रॉइटच्या पॅकार्ड आणि हडसन, केनोशाची नॅश, टोलेडोची विलीज, विलो रनची कायझर-फ्रेझर आणि सिनसिनाटीचे क्रॉस्ली. महायुद्ध संपल्यावर गिऱ्हाईक इतकं भुकेलं होतं की १९४६ ते १९४९ मध्ये जे बनेल ते खपलं. १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि शेवरोलेने एकमेकांवर मात करण्यासाठी डीलरांच्या गळ्यात गाड्या मारायला सुरुवात केली आणि त्या चेंगराचेंगरीत हे छोटे चिरडले गेले. १ मे १९५४ ला नॅश आणि हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पॅकार्डने स्टुडबेकर विकत घेतली. मार्च १९६६ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला शेवटची स्टुडबेकर बाहेर पडली.

गाडी बघायला जाणाऱ्याला हा इतिहास एवढ्यासाठी माहीत हवा, की या कंपन्यांकडे पैसा थोडा होता आणि तो त्यांनी कुठे घातला यावरून आज काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते ठरतं. बरेचसे भाग त्या बाहेरून घेत: ऑटो-लाइटची वायरिंग आणि डायनामो, कार्टरचे कार्बोरेटर, बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर), स्पायसर-डानाचे अॅक्सल, अगदी जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससुद्धा. हे भाग दहा जणांच्या गाड्यांत बसले, त्यामुळे अजून मिळतात. उलट जे कंपनीने हौसेने स्वतः घडवलं, तेच आज छळतं. हडसनचा तेलातला क्लच, पॅकार्डचा अल्ट्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्रॉस्लीचा पत्र्याचा इंजिन-ब्लॉक ही त्याची उदाहरणं. तपासणीला लागणाऱ्या वेळातला तीन चतुर्थांश वेळ या घरच्या भागांवर घालवावा.

निघण्याआधी

विकणाऱ्याकडून सिरियल नंबर फोनवरच मागवून घ्या. स्टुडबेकर असेल तर त्या नंबरावरून साउथ बेंडच्या स्टुडबेकर नॅशनल म्युझियममधून मूळ उत्पादन-पत्रकाची प्रत पैसे भरून मिळते. कोणतं इंजिन, कोणता रंग, ओव्हरड्राइव्ह होता की नाही, हे सगळं त्यात असतं. इतक्या जुन्या गाडीचा असा दाखला मिळणं ही चैन आहे, तिचा फायदा घ्या.

हडसनच्या बाबतीत नंबर जास्तच महत्त्वाचा, कारण ‘हॉर्नेट’ या तिच्या नावाजलेल्या मॉडेलची बिल्ले लावलेली नक्कल सर्रास दिसते. १९५१ च्या खऱ्या हॉर्नेटचा नंबर ७ए ने सुरू होतो, १९५२ चा ७बी, १९५३ चा ७सी आणि १९५४ चा ७डी. दुसरी खूण टेपने मोजायची: हॉर्नेटचा व्हीलबेस १२४ इंच, म्हणजे ३१५ सेंटीमीटर. हडसनच्याच पेसमेकर आणि वास्प या मॉडेलांचा ११९ इंच, म्हणजे ३०२ सेंटीमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की पाच इंचांचा फरक लपत नाही.

सोबत न्यायच्या वस्तू: मऊ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, टॉर्च, जुना जाड स्क्रूड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, पूर्ण चार्ज केलेली ६ व्होल्टची बॅटरी, ताज्या पेट्रोलचा लिटरभराचा डबा, जॅक, दोन स्टँड आणि खाली झोपायला जुनी सतरंजी. विकणाऱ्याच्या बॅटरीवर आणि त्याच्या टाकीतल्या पेट्रोलवर कधीच विसंबू नये.

पत्रा आणि सांगाडा

पत्रा आधी, इंजिन नंतर. इंजिन कुठलाही बरा फिटर उघडून बांधेल, पण सडलेला सांगाडा सरळ करणं हे वर्षभराचं काम असतं.

हडसनने १९४८ मध्ये ‘स्टेप-डाउन’ बॉडी आणली. तिच्यात जमीन चासीच्या पट्ट्यांच्या खाली बसवलेली, म्हणून आत शिरताना पाय खाली टाकावा लागतो. चासी आणि बॉडी एकजीव वेल्ड केलेली, आणि चासीचे बाहेरचे पट्टे मागच्या चाकांच्याही बाहेरून जातात. गाडी त्यामुळे खाली बसलेली आणि वळणावर घट्ट चालते. १९५२ मध्ये नॅस्कार या अमेरिकी मोटार-शर्यत संघटनेच्या ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या, त्यात या बैठकीचा मोठा वाटा होता. पण पाणी आणि चिखल साचतो तोही याच पट्ट्यांत, आणि तिथला गंज वरून दिसत नाही. गाडीखाली झोपा आणि उंबऱ्याखालचा पट्टा पुढून मागे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की तिथे टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर किंमत पाडण्याच्या भानगडीत न पडता परत फिरावं.

नॅशचंही तसंच, फक्त नॅश या वाटेवर आधी चालली होती: १९४१ ची नॅश ६०० ही एकसंध बॉडीची मोठ्या संख्येने बनलेली पहिली अमेरिकी गाडी. ६०० हे नाव २० गॅलनच्या टाकीत ६०० मैल या हिशेबावरून. १९४९ च्या एअरफ्लाइटला लोक ‘बाथटब’ म्हणत, पुढची चाकंही मडगार्डाने झाकलेली. या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर एक साधी चाचणी करा. पुढच्या दारासमोरच्या जागी उंबऱ्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने तीन-चार इंच उचला, मग दार उघडा आणि लावा. दार घासलं, लॅच जुळेना, फटी वरून रुंद आणि खालून अरुंद झाल्या, तर सांगाड्यातला जीव गेलेला आहे. उचलताना करकर आवाज आला तर लगेच थांबा आणि खाली उतरवा.

हीच चाचणी १९५३ नंतरच्या स्टुडबेकर कूपेवर केली तर फसाल. डिझायनर रेमंड लोवीच्या स्टुडिओत रॉबर्ट बोर्क यांनी काढलेली ती गाडी अजून डोळ्यांत भरते, पण तिची चासी वेगळी आणि मुळातच लवचीक आहे. दाराची फट थोडी हलणं हा तिचा स्वभाव समजावा. तिच्यात बघायचं ते पुढच्या मडगार्डात. हेडलाइटच्या मागे आणि वरच्या कडेला चाकाने उडवलेला चिखल अडकतो, ओला राहतो आणि आतून बाहेर खातो. चुंबक तिथे फिरवा. तो चिकटेनासा झाला तर खाली पुट्टी आहे. स्टुडबेकरमध्ये ताजी हवा मडगार्डातून पायाजवळच्या छोट्या झडपेत येते. ती झडप उघडा, हात घाला आणि पाला, माती, ओल काय हाताला लागतं ते बघा. तिथे भिजका गोळा असेल तर चटईखालची जमीनही गेलेली असते. चटई उचलून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्टुडबेकरचा एक मोठा गुण सांगायलाच हवा. नवे साचे करायला पैसा नव्हता, म्हणून १९५३ चाच सांगाडा त्यांनी रेटत नेला. १९५९ ची लार्क हे त्याच सेडानचं पुढून-मागून छाटलेलं रूप, १०८.५ इंची व्हीलबेसचं. व्ही-८ इंजिनही १९५१ पासून १९६४ पर्यंत मुळात एकच. कारखाना बंद पडल्यावर उरलेल्या सुट्या भागांचा प्रचंड साठा पुढे विक्रीला आला आणि त्याचा लाभ आजही मिळतो. पहिलीच जुनी अमेरिकी गाडी घेणाऱ्याने स्टुडबेकरच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इंजिन : चालू करण्याच्या घाईत मारू नका

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून कधीच चालू करू नये. अडकलेला व्हॉल्व्ह वाकतो किंवा गंजलेली रिंग बोअरवर चर पाडते. क्रम असा ठेवा:

१. सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि शक्य असेल तर रात्रभर थांबा.

२. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्येच अडलं तर जोर लावू नका, उलट फिरवा आणि पुन्हा तेल सोडा.

३. जुनं तेल काढून शेंगदाण्याएवढे काळे गोळे आले तर ऑइल पॅन खाली उतरवणं भाग आहे. त्या गाळावर आजचं डिटर्जंट तेल ओतलं की गाळ सुटून पंपाच्या जाळीवर बसतो आणि बेअरिंग कोरडी पडतात.

४. टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी काढा आणि पंपाला स्वतःच्या डब्यातून पेट्रोल द्या. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या १९५० च्या दशकातल्या असतील तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात आणि चिरतात. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, म्हणून पडदा आणि नळ्या बदलण्याचा खर्च आधीच धरा.

५. प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टर फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत प्लग लावू नका.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजायचं. जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात (ज्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात) चौरस इंचाला १०० ते १२० पौंड आले तर समाधान माना. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा: सगळे एकमेकांच्या १० पौंडांच्या आत हवेत. शेजारशेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्यामधला हेड गॅस्केट उडालेला असण्याचीच शक्यता जास्त.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाबतीत प्रत्येक कंपनीची वेगळी खोड आहे. स्टुडबेकर व्ही-८ मध्ये मागच्या सिलिंडरांभोवती गाळ विटेसारखा थापला जातो. ब्लॉकच्या खालच्या तोट्या काढल्यावर पाणी ठिबकतसुद्धा नसेल तर तार घालून खरवडा. पाणी आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं समजू नका. पॅकार्डच्या सरळ आठ सिलिंडरच्या इंजिनात पाणी वाटणारी लांब पत्र्याची नळी पंपामागून ब्लॉकमध्ये जाते. ती सडली की सगळं थंड पाणी पुढेच फिरतं आणि मागचे सिलिंडर तापतात. काटा मात्र नॉर्मल दाखवतो.

१९५५-५६ च्या पॅकार्ड व्ही-८ मध्ये आणखी एक दुखणं आहे. वायपरसाठी लागणारा व्हॅक्युम पंप त्यांनी ऑइल पंपालाच जोडला. तो हवा खेचू लागला की तेलात फेस होतो, हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) रिकामे पडतात आणि गाडी शिलाई मशीनसारखी वाजते. विकणारा ‘टॅपेट बदलले की झालं’ असं म्हणेल. टॅपेट बदलून काहीच होत नाही, पंपाचा व्हॅक्युमचा भाग बंद करावा लागतो किंवा तो नसलेला पंप बसवावा लागतो.

हॉर्नेटचं ३०८ घन इंची सहा सिलिंडर इंजिन, म्हणजे जवळजवळ ५ लिटर, हे साइड-व्हॉल्व्ह जातीचं शेवटचं मोठं बलदंड इंजिन. १९५१ ला १४५ अश्वशक्ती, आणि १९५४ ला दोन कार्बोरेटरच्या ट्विन-एच सह १७० पर्यंत. तिचा ब्लॉक क्रोम मिसळलेल्या कडक बिडाचा आहे. बोअर झिजत नाही, पण झिजला तर करणाऱ्याच्या टूलची धार जाते. बोअरिंगवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो अर्ध्यात सोडून देईल.

क्लच, गिअर आणि ओव्हरड्राइव्ह

हडसनचा क्लच कोरडा नसतो. बुचाच्या (कॉर्कच्या) तुकड्यांची प्लेट तेलात फिरते आणि त्या तेलाला हडसनाइट म्हणतात. मात्रा एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १६० मिलिलिटर. कमी पडलं तर बुचं जळतात. साधं इंजिन ऑइल घातलं तर क्लच घसरतो किंवा झटक्याने धरतो. तेल भरायच्या भोकाचं झाकण फ्लायव्हीलच्या तोंडावर असतं, ते तपासणीच्या खिडकीसमोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं, जुनं पूर्ण गाळायचं आणि मोजून नवं घालायचं. नीट असलेला हा क्लच लोण्यासारखा सुटतो. सुरुवातीलाच धक्का बसत असेल तर आधी तेल बदलून बघा, गिअरबॉक्स उतरवण्याची घाई नको.

बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह यांपैकी बहुतेकांत पर्याय म्हणून मिळे. गुणोत्तर ०.७०, म्हणजे इंजिनाचे फेरे ३० टक्के कमी. चाचणी अशी: डॅशखालची मूठ आत ढकला, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरवर जा आणि पाय सेकंदभर सोडा. फेरे पडले पाहिजेत. पाय तळाला दाबला की गाडी परत साध्या तिसऱ्यात आली पाहिजे. काहीच घडलं नाही तर गाडी उभी करा, स्विच चालू ठेवून गव्हर्नरची (गाडीच्या वेगावर चालणाऱ्या स्विचची) तार बॉडीला टेकवा. आधी रिलेची टक् आणि मग सोलेनॉइडचा जोरदार ठप् आवाज आला तर यंत्र शाबूत आहे, दोष तारेत किंवा गव्हर्नरमध्ये. दोन्ही आवाज नसतील तर रिलेवरचा फ्यूज बघा. निम्म्याहून अधिक ‘बिघडलेले’ ओव्हरड्राइव्ह एवढ्यावरच चालू होतात. एक धोका लक्षात असू द्या: मूठ आत असताना कमी वेगात गाडी मोकळी धावते, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. घाट उतरताना आणि गाडी गिअरमध्ये उभी करताना मूठ बाहेर ओढा.

पॅकार्डचा अल्ट्रामॅटिक १९४९ चा. बड्या तिघांची मदत न घेता एखाद्या इंडिपेंडंटने घरी घडवलेला हा एकमेव ऑटोमॅटिक. एकसारख्या वेगात आल्यावर त्यातला थेट क्लच लागून फेरे किंचित पडल्याचं कळलं पाहिजे. कळलं नाही तर दुरुस्तीचा अंदाज पॅकार्ड जाणणाऱ्याकडूनच घ्या, कारण भागही थोडे आणि हातही थोडे.

वीज

६ व्होल्टच्या गाडीची तक्रार एकच असते, ‘स्टार्टर हळू फिरतो’. कारणही बहुतेक वेळा एकच: कोणीतरी १२ व्होल्टची बारीक केबल टाकलेली असते. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड हवी, आणि अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत. स्टार्टर फिरत असताना बॅटरीवर ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

६ व्होल्टच्या हडसन, नॅश, पॅकार्ड आणि स्टुडबेकरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. सवयीने ऋण जोडलं की अँमीटर उलटा चालतो आणि कटआउटचे (डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. बॅटरी नव्याने जोडल्यावर ऑटो-लाइटच्या रेग्युलेटरवर आर्मेचर आणि बॅटरी ही दोन टोकं तारेने क्षणभर टेकवा, एक ठिणगी पडू द्या. डायनामोची दिशा त्याने ठरते.

ब्रेक आणि चाकं

ब्रेकची लाइन एकच, त्यामुळे एक होज फुटला की चारही चाकं गेली. पेडल जोरात दाबून ३० सेकंद धरा, हळूहळू खाली गेलं तर रस्त्यावर काढू नका. हडसनने यावर तोड काढली होती: तेल गेल्यास तेच पेडल पुढे जाऊन मागचे ब्रेक तारेने ओढतं. कल्पना उत्तम, पण बहुतेक गाड्यांत तो दांडा गंजलेला किंवा काढून टाकलेला असतो. एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने खालून बघावं. स्टुडबेकरच्या हिल-होल्डरचं, म्हणजे चढावर ब्रेक धरून ठेवणाऱ्या यंत्राचं, काम चढावरच बघतात: क्लच आणि ब्रेक दाबा, ब्रेक सोडा, गाडी मागे यायला नको. सपाटीवर ब्रेक धरून राहत असतील तर त्याचं अॅडजस्टमेंट चुकलेलं असतं.

मागचे ड्रम निमुळत्या अॅक्सलवर चावीने (खाचेतल्या लोखंडी पट्टीने) बसलेले असतात. हातोड्याने ते निघत नाहीत, हब धरणारा भक्कम पुलर लागतो. नट पूर्ण काढू नका, तीन-चार आटे राहू द्या. दाबाखालचा ड्रम सुटतो तेव्हा तोफगोळ्यासारखा येतो. अॅक्सलच्या टोकावर घण घातला तर धक्का थेट डिफरन्शिअलमधल्या थ्रस्ट ब्लॉकवर जातो.

१९५५ च्या पॅकार्डखाली शिरण्याआधी बॅटरी सोडा. तिच्यात स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी पुढून मागपर्यंत लांब टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत आणि वजन बदललं की साधारण ७ सेकंदांनी विजेची मोटर गाडी समपातळीत आणते. तपासायला मागच्या सीटवर दोघांना बसवा आणि मोजा. पण तुम्ही खाली असताना ती मोटर सुरू झाली तर गाडी तुमच्यावर बसेल.

लहान घरं, आणि भारतातल्या गाड्या

कायझरचं २२६ घन इंची सहा सिलिंडर इंजिन कॉन्टिनेंटलच्या औद्योगिक इंजिनाचं भावंड, फोर्कलिफ्टमध्येही चालायचं. त्याचे भाग मिळतात, पण कायझरची काच आणि पट्ट्या शोधताना घाम फुटतो. धाकटी हेन्री जे, जी १९५२-५३ मध्ये सीअर्सच्या दुकानांतून ऑलस्टेट नावाने विकली गेली, तिच्या चार सिलिंडरच्या गाडीत विलीजचं १३४ घन इंची इंजिन आहे. म्हणजे जीपचंच. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केल्यापासून या घराण्याचं इंजिन महाराष्ट्रातल्या फिटरांच्या हाताखालून गेलेलं आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंट ०.०२० इंच, प्लग ०.०३० इंच.

हिंदुस्थान मोटर्सने स्टुडबेकरही इथे जोडल्या. अशी गाडी समोर आली तर आधी बोनेट उघडून इंजिनाचे पाय बघा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिन बसवली गेली आणि त्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड केले गेले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून व्हीए मालिकेत नोंदवता येते; नव्या नोंदणीचे २०,००० आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा ही अट आहे. डिझेल बसलेल्या गाडीचं मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेलं असेल तर तेही व्यवहारात लिहून घ्या, मग ते जाम का असेना.

आणि क्रॉस्ली. १९४६ ते १९४९ च्या गाड्यांतलं ७२२ सीसीचं ‘कोब्रा’ इंजिन पोलादी पत्रे तांब्याने जोडून केलेलं, २६.५ अश्वशक्तीचं. पाण्यातल्या विद्युत-रासायनिक क्रियेने त्या पत्र्याला सुईएवढी भोकं पडतात. कंपनीनेच १९४९ मध्ये बिडाचा ब्लॉक आणला. ब्लॉकवर हात फिरवा: ओतीव बिडाचा खरखरीत पृष्ठभाग लागला तर पुढे बोला. गुळगुळीत पातळ पत्रा लागला तर ती गाडी दिवाणखान्यात ठेवण्यासाठी घ्यायची आहे की चालवण्यासाठी, ते आधी ठरवा आणि मगच भाव विचारा.